अंगठ्यापुरता गंज

तीर्थरूप मामांना,

लाडक्या (आणि सध्या तुमच्यावर भडकलेल्या) भाचीचा साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? खोकल्याचं रीत म्हणून विचारतेय. खरी चौकशी करायची आहे ती तुमच्या उजव्या अंगठ्याची. तो सुखरूप असणारच. त्याचे प्रताप आता ऐका, आणि हे पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवू नका.

महिन्यापूर्वी तुम्ही आमची प्रयोगशाळा बघायला आलात. मीच बोलावलं होतं, कारण पोरगी चार वर्षं "लेप लावते" म्हणजे नेमकं काय करते, या तुमच्या प्रश्नानं मी बेजार झाले होते. (ती कुठल्यातरी दवाखान्यात मलमपट्टी करते, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगून टाकलंत, तेही कळलंय मला.) म्हणून सगळं दाखवलं. हायड्रोजनपासून वीज करणारी ती पेटी, म्हणजे फ्युएल सेल. तिच्यात एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पातळ प्लेटा. आत कायम ऊब, ओल आणि आम्ल, म्हणजे गंजाला माहेरच. प्लेट गंजली की पेटी बसली. म्हणून आम्ही प्लेटांवर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ लेप चढवतो. एवढा खटाटोप कशाला, सरळ रंग मारा की, असं तुम्ही म्हणालात. रंगातून वीज जात नाही मामा, गंज अडवायचा पण वीज जाऊ द्यायची, असं मी समजावलं. तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही मान डोलावलीत की तुमचे हात कुठे आहेत ते बघायचं असतं, हे मी विसरले.

आता मुद्द्याचं. लेपाआधी प्लेट धुऊन ठेवतात त्या खोलीत हातमोज्यांशिवाय जायचं नाही, असा नियम. आमचे हातमोजे तुमच्या पंजाला चढेनात. दोन फाटले. नुसतं लांबून बघतो, असं तुम्ही म्हणालात आणि मी भाबडी हो म्हणाले! तीस वर्षं नळांच्या कारखान्यात तोट्यांना पॉलिश करणारा माणूस चकचकीत प्लेट लांबून बघेल? आईनं नवा कुकर आणला तर तुम्ही आधी त्याच्यावर अंगठा फिरवता, मग पाणी मागता. तेवढ्यात आईचा फोन आला (मामा जेवला का, हे विचारायला), मी पाठ फिरवली, आणि मागून तुमचा आवाज आला, की पोरी, या कोपऱ्याला पॉलिश कमी पडलंय. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मशीननं मोजलंय मामा सगळं. हात न लावता यांना हे कळलं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. शिकून काय उपयोग झाला?

त्याच प्लेटवर लेप चढला आणि ती गरम आम्लात गेली, पाचशे तासांसाठी. म्हणजे तीन आठवडे. मी कायम होणार की महिनाअखेर नारळ मिळणार, हे तिच्यावर ठरणार होतं. तीन आठवडे मला धड झोप नाही. प्लेट बाहेर काढली तर आरशासारखी लख्ख, आणि एका कोपऱ्याजवळ तांबूस डाग. अंगठ्याच्या आकाराचा. तिथला लेप पापुद्र्यासारखा सुटून आला होता, कारण खाली कुणाचातरी घाम होता.

आमच्या मुख्य बाईंना सगळे भिंग म्हणतात, कारण त्या चहासुद्धा भिंगातून बघतात. त्यांनी शाईचं पॅड मागवलं आणि नऊ जणांचे अंगठे घेतले. माझा संशय भांडारवाल्या काकांवर. ते दिवसभर बिस्किटं खातात. शिस्त कशाशी खातात ते काहींना ठाऊकच नाही, असं मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं. (चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.) काकांचा ठसा शाईत फराटला, कशाशी जुळवायचा कळेना, आणि सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले. बिचारे रडवेले झाले. मग बाईंनी डाग पडद्यावर मोठा केला. भला थोरला अंगठा, त्यावर तिरकी रेघ.

मामा, ती रेघ मी ओळखते. पॉलिशच्या चाकानं कापलेली. शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तर तुमचा आख्खा हात माझ्या मुठीत मावायचा नाही, म्हणून मी अंगठाच धरायचे, आणि ती रेघ माझ्या तळव्याला लागायची. गप्प बसले असते तर माझी नोकरी वाचली असती आणि काका अडकले असते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, फाटलेल्या हातमोज्यांपासून आईच्या फोनपर्यंत. मग काकांचे पाय धरायला गेले, तर त्यांनी मला बिस्किट दिलं.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: हातमोज्यांशिवाय कुणीही आत येऊ नये. खाली बाईंच्याच अक्षरात, पेननं: मामांनीही.

तेव्हा आता कृपा करून अंगठा खिशात ठेवा, औषध वेळेवर घ्या.

तुमची, सध्या तुमच्याशी न बोलणारी,
भाची

ता. क. तुमचं ते पॉलिशबद्दलचं वाक्यही मी बाईंना सांगून बसले होते. त्यांनी प्लेट पुन्हा भिंगाखाली घेतली. डागाच्या नादात आम्ही पलीकडे बघितलंच नव्हतं. अगदी कोपऱ्यात, तुम्ही म्हणालात तिथेच, सुईनं टोचावीत तशी गंजाची बारीक टिंबं. मशीन फक्त मधला भाग मोजत होतं.

ता. क. २. मामी म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरातल्या वाट्यांवर अंगठा फिरवत बसता, आणि आता आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणता. बाई विचारताहेत. मला तीन आठवडे मुदत मिळाली आहे, आणि नव्या चाळीस प्लेटा तुम्ही पास केल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. सोमवारी सकाळी नऊला या. मी दारात उभी असेन. या ना मामा.

ता. क. ३. हातमोजे सोबत पाठवतेय. पातळ आहेत, आतून केससुद्धा जाणवतो. तुमच्या मापाचे खास मागवावे लागले. माप विचारायला फोन केला नाही. ते आमच्याकडे गंजात नोंदलेलं आहे.