पाच नंबर की नऊ नंबर

५ मे

आज पुलावर पुन्हा मारामारी झाली. माझा नवरा यायान त्याच्या हिरव्या भाड्याच्या गाडीत माणसं भरून नेमका तिथेच अडकला. एका टोकाला पाच नंबर शाळेची पोरं, दुसऱ्या टोकाला नऊ नंबरची. गणवेश एकच – पांढरा शर्ट, निळी पँट. बाहीवरचा बिल्ला बघितल्याशिवाय कोण कुणाचा ते कळत नाही. ते बिल्ले मीच शिवते, दोन्ही शाळांचे.

"एकाच्या हातात कोयता होता," यायान जेवताना म्हणाला. "मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं त्याला."

मी डोळ्यांनी दटावलं. समोर आमचा अर्गा भात खात होता. पुढच्या महिन्यात यातल्याच एका शाळेत सातवीला त्याचं नाव घालायचंय.

८ मे

वॉर्डातल्या माणसाला विचारून आले. घराच्या अंतरावरून प्रवेश. आमचं घर दोन्ही शाळांच्या मधोमध – म्हणजे दोन्हीकडे मिळेल. "नशीबवान आहात, लोकांना निवडायला मिळत नाही," तो म्हणाला. खाजगी शाळेचा विचार आमच्यासारख्यांनी करायचा नाही.

नशीबवान. रात्रभर डोळा लागला नाही.

१२ मे

नऊ नंबर बघून आले. स्वच्छ. अंगणात कुंड्या, वर्गावर्गात पंखे. मुख्याध्यापिका बाई फार गोड बोलतात. "आमच्याकडे सगळं शांत आहे. ते पुलावरचं बाहेरच्या पोरांचं काम." त्या बोलत असताना त्यांच्या मागे एक गडी नळाजवळची भिंत पांढरी करत होता. काय लिहिलं होतं ते पुसट दिसत होतं, वाचता आलं नाही.

फाटकाला आतून कुलूप. भर दुपारी. मला ते आवडलं. मग बाहेर आल्यावर वाटलं – कुलूप बाहेरच्यांसाठी, की आतल्यांसाठी?

१५ मे

आज अर्गाला घेऊन पाच नंबरला. इमारत जुनी, मोरीला वास. ओमान सर भेटले, पोरांची शिस्त तेच बघतात. खरं बोलणारा माणूस.

"बंद झालंय असं मी तुम्हाला सांगणार नाही, ताई. दप्तरं रोज तपासतो. सापडतं काही ना काही."

कोपऱ्यात खोक्यात पट्टे पडले होते, जड लोखंडी बकलाचे. बकलांच्या कडा घासून धारदार केलेल्या. अर्गा त्यांच्याकडे बघतच राहिला. मी त्याला हात धरून बाहेर आणलं. हात गार पडला होता. घाबरलं माझं पोर.

२० मे

शेजारच्या इमासताई शर्टाला काज करायला आल्या. त्यांचा रिझाल पाच नंबरचा, आता गॅरेजात असतो. उजव्या तळव्यावर आडवा वण आहे, मूठ पुरती मिटत नाही.

मी विचारलं, कुठे घालू?

"इकडे घाल नाहीतर तिकडे घाल. पहिल्या महिन्यात मोठी पोरं येऊन विचारतात – तू आमचा ना? हो म्हटलं की पुलावर जायचं. नाही म्हटलं की घरच्या वाटेवर गाठतात." मग सुपारी कातरल्यासारखं तुटक हसल्या. "रिझाल नाही म्हणाला होता."

२ जून

गल्लीच्या तोंडाशी तीन पोरं, एक मोटारसायकल. संध्याकाळभर होती. मी शिवत शिवत खिडकीतून बघत होते. अर्गा दुकानातून अंडी घेऊन येत होता, त्याला थांबवलं. काहीतरी बोलले. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी सुई तशीच टोचून धावले, तोवर ती गेलीसुद्धा.

"काय म्हणत होते?"

"पत्ता विचारत होते."

या गल्लीतून पुढे रस्ताच नाही. नदी आहे. कुणाचा पत्ता विचारणार?

यायानला सांगितलं. तो म्हणाला, "पोरं आहेत, उभी राहतात." पण झोपताना कडी त्याने दोनदा बघितली.

६ जून

दिक्री हल्ली येत नाही. बालवाडीपासून अर्गाची आणि त्याची जोडी, दिवसातून एकदा तरी माझ्याकडे तळलेली केळी मागायचा. आज बाजारात त्याची आई भेटली. विचारलं तर म्हणाली, "अभ्यास असतो." माझ्याकडे न बघता भाजी निवडत राहिली. मिरच्या घेतल्याच नाहीत, तशीच निघून गेली.

त्यांनी शाळा ठरवली असणार आणि सांगायची नसणार. निवडीच्या दिवसांत माणसं अशीच वागतात. मीही कुणाला सांगत नाही.

१० जून

यायानशी भांडण. त्याचं म्हणणं पाच नंबर. "तो सर निदान खोटं बोलला नाही."

"खरं बोलल्याने पोराचा जीव वाचतो का? नऊ नंबरला फाटक आहे."

"फाटकाबाहेर काय, तू नेणार-आणणार आहेस त्याला?"

"नेईन!"

शेवटी अर्गालाच विचारलं. मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "कुठेही चालेल, आई."

मग थोड्या वेळाने – "दिक्री कुठे जाणार?"

"नऊला, बहुतेक."

"मग नऊ."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आपण भीतीने निवडतो, मुलं मैत्रीने निवडतात. यायाननेही पाच नंबरचा हट्ट सोडला.

१८ जून

नऊ नंबर. नाव लागलं.

१४ जुलै

पहिला दिवस. फाटकापर्यंत सोडायला गेले. आत जाताना त्याने मागे वळून बघितलं नाही. दिक्री आईचा हात धरून उभा होता, एवढा मोठा मुलगा! अर्गाने त्याला हाक मारली. दिक्री आईकडे बघायला लागला. मी त्याच्या आईला म्हटलं, "जाऊ द्या, दोघं आहेत ना एकमेकांना." तिने हात सोडला.

२९ ऑगस्ट

माझ्याकडे शर्ट येतात. फाटलेले, बाह्या उसवलेल्या, खिसे ओढून काढलेले. सगळे नऊ नंबरचे. पुलावर तर दोन महिन्यांत काही झालं नाही – मग शर्ट फाटतात कुठे?

आज दिक्रीचा शर्ट आला, त्याच्या बहिणीच्या हाती. पाठीवर ब्लेडने चीर, सरळ, जणू पट्टीने आखलेली. "खिळ्यात अडकला," ती म्हणाली. मी पंधरा वर्षं शिवतेय, खिळ्याने कापड असं जात नाही.

रात्री अर्गाचा शर्ट उजेडात धरून बघितला. एक टाकासुद्धा उसवलेला नाही. अल्लाची कृपा.

१० सप्टेंबर

विचारलं त्याला, "तुला कुणी त्रास देतं का रे? खरं सांग."

"मला कुणी काही करत नाही, आई."

"मोठ्या मुलांनी काही विचारलं?"

"विचारलं होतं. आता नाही विचारत."

शांतपणे म्हणाला. माझ्या ताटातला माशाचा तुकडा उचलून त्यानेच मला भरवला.

३ नोव्हेंबर

दिक्री गेला. गारुतला, आजीकडे. वर्षाच्या मधेच शाळा सोडून. निरोप घ्यायलासुद्धा कुणी आलं नाही, दाराला कुलूपच दिसलं. इमासताई म्हणाल्या, पोरगं दोन आठवडे अंथरुणात लघवी करत होतं, शाळेचं नाव काढलं की थरथरायचं.

अर्गाला सांगितलं तेव्हा तो बूट पुसत होता. "हो का," म्हणाला. पुसत राहिला.

दु:ख आत ठेवणारं पोर. बापावर गेलंय. उद्या त्याच्या आवडीची केळी तळीन.

२१ फेब्रुवारी

मुख्याध्यापिका बाई रस्त्यात भेटल्या. मी ओळख दिली – अर्गाची आई. बाईंचं हसू मधेच थांबलं. "हो, हो, अर्गा. हुशार आहे." आणि लगबगीने रिक्षात बसल्या. माझ्या नमस्काराला थांबल्या नाहीत.

काय झालं असेल? माझं काही चुकलं का?

२७ मे

भातगिरणीकडून एक बाई आली, मुलाचा गणवेश मापायला. बिल्ला कोणता लावायचा ते ठरलं नव्हतं. "तुम्ही दोन्ही शाळांचं शिवता, ताई, तुम्हीच सांगा. कोणती बरी?"

मी म्हटलं, नऊ. फाटक आहे, शांत आहे.

तिने पोराला बाहेर पाठवलं आणि जवळ सरकली. "सगळे म्हणतात नऊ नकोच. तिथे एक मुलगा आहे म्हणे, सातवीतला. मोठी पोरंसुद्धा त्याच्यापुढे मान खाली घालतात. एकाला तर गाव सोडायला लावलं."

मी नाव विचारलं.

"अर्गा," ती म्हणाली. "हिरव्या गाडीवाल्या यायानचा."