प्लूटो ग्रीकांचाही

कोल्हापूर, ७ जानेवारी २०२५

ती. अनुजाआत्यास,
सा. न. वि. वि.

शाळेतल्या प्रश्नमंजूषेबद्दल मागच्या पत्रात लिहिलं, त्यात चूक आहे. ग्रीकांच्या पाताळदेवाचं नाव विचारल्यावर अर्शीनं ‘प्लूटो’ सांगितलं. तो रोमन, असं म्हणून मी गुण दिला नाही आणि ती सम्राटपेक्षा अर्ध्या गुणानं मागे पडली. तिचं चुकलं असं तुला लिहिलं. चुकलं माझं. प्लूटो हे नाव मुळात ग्रीकांचंच. रोमनांनी ते नंतर घेतलं. काल वाचनालयात तीन पुस्तकांत पडताळलं.

आता जिल्ह्याच्या स्पर्धेला सम्राट जाणार. आज सकाळी दूध आणताना अर्शीचे वडील नईमभाई भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, बाई सांगत्यात म्हंजी पोरीचंच चुकलं असणार. मी दूध घेऊन तशीच घरी आले. नोकरी अजून कायम नाही, मुख्याध्यापक सर काय म्हणतील याची भीती वाटते.

आणखी एक. दम्यामुळं मी चौथीपर्यंत घरी तुझ्याकडंच शिकले. ग्रहांची नावं शिकवताना तू कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता केला होतास: डावीकडं ग्रीक हेडीस, उजवीकडं रोमन प्लूटो. तुला दोष देत नाही.

चुका दाखवत राहा, म्हणजे माया कळते.
तुझी,
तेजस्वी

इचलकरंजी, ११ जानेवारी २०२५

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.

दोष देत नाही म्हणतीस आणि कॅलेंडरची पाठसुद्धा आठवतीस! व्हय, तक्ता माझाच. पाठ व्हावं म्हणून जोड्या लावल्या. देव काही जोड्या लावून जन्मत न्हाईत, हे आत्ता पुस्तक उघडल्यावर कळलं.

पण बनाबाईआजीची नात तू, तुला सुचायला हवं होतं की. ती शेतात सापाला साप म्हणायची नाही, लांबडं म्हणायची. ग्रीकही हेडीसचं नाव घ्यायला भ्यायचे, म्हणून प्लूटो, म्हणजे श्रीमंत म्हणायचे. धान्य, सोनं सगळं जमिनीखालूनच येतं ना. रोमनांचा स्वतःचा पाताळदेव डीस, त्याच्याही नावाचा अर्थ श्रीमंत असाच सांगायचे. दोन्हीकडची माणसं तुझ्यासारखीच भित्री!

सरांना सांग. पण आधी सम्राटला एकट्याला सांग, चारचौघांत त्याची जागा काढू नकोस. माझं नाव खुशाल घे.

आत्यावरचा लोभ तक्त्याइतका कच्चा ठेवू नकोस.
अनुजाआत्या

कोल्हापूर, १७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुख्याध्यापक विजयसिंह सरांना सांगितलं. यादी मंगळवारी जाते, तोवर नाव बदलता येईल म्हणाले. मात्र निर्णय सगळ्या शाळेसमोर दिलात, तर चूकही शाळेसमोर तुम्हीच सांगायची, अशी अट घातली. नोकरीबद्दल काहीच बोलले नाहीत.

सम्राटला आजच एकट्याला गाठून डीससकट सगळं सांगितलं. म्हणाला, म्हंजी आमचं जाणं राहिलं की. डोळे भरले होते. मधल्या सुट्टीत परत आला आणि अर्शीला तो डीस ठाऊक आहे का, नसेल तर मी सांगतो, असं विचारून गेला. तेव्हापासून मला नीट श्वास घेता येतोय.

तुझं नाव घेणार नाही. तक्ता तुझा, पण पडताळायचं काम माझं होतं. नईमभाईंना प्रार्थनेला यायचा निरोप दिलाय. शिरोलीच्या फौंड्रीतली सकाळची पाळी बदलून येतो म्हणाले. का बोलावलंय ते विचारलं नाही.

तुझा हात डोक्यावर असाच असू दे.
तुझी,
तेजस्वी

ता. क. शाळेसमोर चूक सांगायचा दिवस लिहायचा राहिला: सोमवार, २० जानेवारी, प्रार्थना संपल्यासंपल्या.