वांग्यावरचा आळ

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी तासभर बोटं आखडलेली. शर्टाची बटणं मंदाने लावली. तीस वर्षं शिंपीकाम करून ही अवस्था. डॉक्टरबाईंनी संधिवात पक्का केला, गोळ्या सुरू. काय खाल्लं, किती चाललो, बोटं कशी, सगळं लिहायला सांगितलंय. म्हणून ही वही.

६ नोव्हें.
सायखेड्याहून मेव्हण्याचा, मंदाच्या भावाचा फोन. "दाजी, वांगं सोडा. लय वातूळ." हा स्वतः वांगी पिकवतो. शेजारच्या वहिनींनी टोमॅटो, दही, तूरडाळ बंद करायला सांगितली. उरला दुधी.

९ नोव्हें.
दुधी. मेव्हणा पिशवीभर वांगी घेऊन आला.
"आता ही कुणाला?"
"ताईला. तिला कुठं वात हाय?"
मंदाने समोर बसून भरीत खाल्लं. बोटं तशीच.

१२ नोव्हें.
वीस मिनिटं चाललो. मंदा खूश. (टपरीपर्यंत जाणं, एक सिगारेट, परत. डॉक्टरबाईंना वही देताना हे पान चिकटवायचं.)

१५ नोव्हें.
आज मंदाही आली चालायला. टपरीवाला म्हणाला, "काका, नेहमीची?"
मंदा : नेहमीची काय?
मी : चहा.
त्या टपरीवर चहा मिळत नाही.

१८ नोव्हें.
दवाखाना. वांग्याचं ऐकून डॉक्टरबाई हसल्या. एखाद्या पदार्थाने खरंच त्रास वाढला तर तेवढा टाळा, बाकी सगळं खा. तळलेलं कमी, वजन आटोक्यात.
"सिगारेट?"
मी पंख्याकडे बघितलं.
"दिवसाला तीन."
"पाच," मंदा म्हणाली.
डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सिगारेटने हा आजार बळावतो, गोळ्यांचा गुणही कमी येतो म्हणाल्या. "वांगं सोडलंत आणि हे ठेवलंत?"


२१ नोव्हें.
सिगारेटशिवाय तिसरा दिवस. गिऱ्हाइकावर खेकसलो. कॉलर उलटी जोडली. काल रात्री मंदाने भरली वांगी केली होती. चार खाल्ली. आज सकाळी बोटं कालच्याइतकीच. बिचारं वांगं.

२६ नोव्हें.
आठवा दिवस. आज बोटं अर्ध्या तासात सुटली. गोळ्यांनी की कशाने, कोण जाणे. संध्याकाळी दुसऱ्या बाजूने फिरायला निघालो, तर तो रस्ता कुंभमेळ्याच्या कामासाठी खणलेला. म्हणजे टपरीवरूनच. मंदाने माझा हात घट्ट धरला. दुखलं, पण सोडवला नाही.
उद्यापासून ती दोन दिवस माहेरी. फिरायला एकटाच.