काकड सांगायचे राहिले

टीचर,

गेल्या रविवारी मी खोटे बोललो. विरारच्या एका दवाखान्यात, खाटेवर पडलेल्या बाईसमोर, तिच्या सासूच्या प्रश्नाला उत्तर देताना, वर्गात फळ्याकडे पाहून बोलावे तशा स्वच्छ आवाजात मी खोटे बोललो. आज शुक्रवार आहे आणि मी अजून सुन्न आहे. खोटे बोलण्यापूर्वी माणूस निदान अडखळत असेल, नजर वळवत असेल, असे मला या वयापर्यंत वाटत होते. माझे काहीच अडखळले नाही. तुम्हांला जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली, तेव्हा उत्तराची अपेक्षा नाही. पण कोणतीही गोष्ट क्रमाने सांगावी ही सवय तुम्हीच लावलीत, म्हणून क्रमाने सांगतो.

शनिवारी शाळा लवकर सुटली की तुम्ही आम्हां सात-आठ जणांना वसईतल्या पापडीच्या वाड्यांमधून फिरवायला न्यायचात. तसे मी गेली पंधरा वर्षे दर रविवारी सकाळी लोकांना फिरवतो. मी आता कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. रविवारची मंडळी मात्र मोठी असतात. बहुतेक विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहणारी, रोज मुंबईला जाऊन येणारी. आमचा क्रम ऋतूंप्रमाणे ठरलेला आहे. कार्तिकात भात कापून झालेल्या शेतांचे बांध, कारण त्या दिवसांत गवतावरच्या दवात कोळ्यांची जाळी दिसतात. पौषात मिठागरे, कारण तेव्हा उत्तरेकडून आलेले तुतवार चिखलात चोची खुपसत असतात. फाल्गुनात चांदीपच्या बाजूचे माळ, पळस आणि काटेसावरीसाठी. श्रावणात डोंगराचा पायथा, तेरड्यासाठी. प्रत्येक वेळी मी लोकांना पहिली दहा मिनिटे बोलू देत नाही. त्या दहा मिनिटांत माणसांचे खांदे खाली येतात, टीचर. हे मी खरोखर पाहिले आहे. आठवडाभर कानांपर्यंत चढलेले खांदे हळूहळू आपल्या जागी येतात, आणि मग कुणीतरी स्वतःहून विचारते, ‘हे काय आहे?’ शिकवण्याची याहून चांगली वेळ मला ठाऊक नाही.

दवाखान्यातली ती बाई गेल्या श्रावणापासून येते. मूळची सातारकडची, लग्नानंतर मनवेलपाड्यात आलेली, अंधेरीच्या एका कचेरीत नोकरी करणारी. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे चालायची. मिठागरांवर एकदा म्हणाली, “सर, आठवडाभर डोक्यात पिठाची गिरणी चालू असते. इथं आलं की ती बंद पडते.” त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही. वर्षाचे जवळजवळ पूर्ण चक्र तिने पाहिले. काटेसावरीच्या फुलात किती पक्षी येतात ते मोजायला ती माझ्याही आधी थांबायची. अशी एक विद्यार्थिनी वाट्याला आली की शिक्षकाची पुढची पाच वर्षे निघतात.

गेल्या रविवारी आम्ही चांदीपच्या पुढे डोंगराच्या कडेला होतो आणि झाडीच्या सावलीत मला शेवळे दिसली. तुम्हांला शेवळ काय सांगायचे! पण त्या मंडळींपैकी निम्म्यांनी ते कधी पाहिलेले नव्हते, आणि मला जो उत्साह चढला तो तुम्ही ओळखला असतात. शेवळ हे सुरणाच्या कुळातले. वर्षभर कंद मातीत निजलेला असतो, ज्येष्ठात माती ओलावली की आधी फूल वर येते आणि पान मागाहून. जांभळट आवरण, आत उभा दांडा, दांड्याच्या तळाशी मादी फुले, त्यांच्यावर नर फुले. वरच्या टोकाच्या कुजकट वासाने माश्या आणि किडे येतात आणि फुलांचे परागीभवन करून जातात. मी पाऊण तास बोललो असेन. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेहमी टोमणे मारतात, ते म्हणाले, “सर, फुलाचं चरित्र झालं. आता भाजी कशी करायची ते सांगा, नाश्त्याची वेळ झालीय.” सगळे हसले. मी तेही सांगितले. वरचे आवरण काढायचे, आतला पिवळा भाग टाकायचा, बारीक चिरून तेलात खरपूस परतायचे. साताऱ्याच्या त्या बाईने पाच-सहा शेवळे रुमालात बांधून घेतली. आणि आम्ही पुढे निघालो.

काकड सांगायचे राहिले.

वसईत जन्मलेल्या कुणालाही एवढे वाक्य पुरे आहे. बाकीच्यांना मी समजावून सांगत असतो तसे सांगतो. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात आणि घसा सुजतो. त्यावर उतारा आंबटाचा, आणि आपल्याकडे तो काकडाचा. रानातल्या काकडाच्या झाडाची बोराएवढी, हिरवी, आंबट फळे ठेचून त्यांचा रस भाजीत घालतात. बाजारात शेवळांची जुडी घेतली की विकणारी मूठभर काकड त्यात न विचारता टाकते. म्हणून आपण ते कधी कुणाला सांगत नाही. जे जुडीबरोबर आपोआप पिशवीत येते ते सांगायचे असते हेच आपल्याला सुचत नाही. पण त्या दिवशी शेवळे बाजारातली नव्हती, रानातली होती. आणि ऐकणारी सातारची होती. टीचर, त्याच सुया मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. त्यांची आकृती काढायला लावतो. नाव चुकले तर गुण कापतो.

दुपारी तिने भाजी केली. सासू जेवायला बसायची होती, नवरा ड्यूटीवर. पहिल्या चार घासांतच तिचे ओठ सुजले, घसा आवळत गेला, थुंकी गिळता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षातून दवाखान्यात नेले. श्वास अडतो की काय या भीतीने डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतले. मला कळले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी गेलो. हाताला सलाइन, चेहरा ओळखू येणार नाही असा. सासू खाटेशी उभी होती. नऊवारी, कपाळावर ठळक कुंकू, आवाज शेतातून हाक मारायची सवय असलेला.

“सर, ह्या भाजीचं तुम्हीच सांगितलं नव्हं हिला?”

“हो, मीच.”

“मग त्यात काय घालायचं ते नव्हतं सांगितलं? शेजारीण म्हणती, काकड का काय घालत्यात. त्याबिगर कुणी खात न्हाई म्हणं.”

आणि मी म्हणालो, “सांगितलं होतं की. काकडाशिवाय शेवळं करायची नाहीत, हे मी आवर्जून सांगितलं होतं.”

‘आवर्जून’ हा शब्द माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. ‘सांगितलं होतं’ एवढ्यावर थांबलो असतो तर निदान घाबरून बोललो असे म्हणता आले असते. पण मी खोट्याला वर क्रियाविशेषणाने नीट बांधून दिले. खाटेवरची बाई माझ्याकडे पाहत होती. सुजलेल्या ओठांतून, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, “माझंच लक्ष नसेल, सर.” सासू तिच्यावर उसळली. “कानात बोळं घालून रानात फिरतीस व्हय गं? ह्यापुढं रविवारी घरात बसायचं. लई झालं फिरणं.” मी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. ‘काळजी घ्या’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

मंगळवारी आमच्या रविवारच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा संदेश आला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे सरांना त्रास झाला. आता मला येणं जमणार नाही. सर सांगतात ते सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकत जा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. बँकेतल्या गृहस्थांनी लिहिले, ‘म्हणून म्हणतो, फोटो कमी काढा आणि कान उघडे ठेवा.’ मी ते चार-पाच वेळा वाचले. माझ्या एका वाक्याने तिचा रविवार गेला होता, आणि ती वर माझीच माफी मागत होती.

त्या दिवशी मला आठवीच्या वर्गातली एक सकाळ आठवली. शाळेमागच्या एका झाडाचे नाव तुम्ही आदल्या दिवशी चुकीचे सांगितले होते. आम्हांपैकी कुणालाही ते कळणे शक्य नव्हते. तुम्ही वर्गात येता, हजेरीही घेत नाही, उभ्या उभ्याच म्हणता, “काल मी चूक सांगितली. वह्या काढा. ती ओळ खोडा, पण रबरानं पुसू नका. चूक दिसली पाहिजे.” चाळीस मुले खाली माना घालून ओळ खोडत आहेत, आणि तुम्ही बाकांमधून फिरत प्रत्येकाची खोडलेली ओळ पाहत आहात. मला तेव्हा ते गमतीचे वाटले होते. शनिवारी तुमच्या वाडीवर, स्वयंपाकघरात, तुम्ही आम्हांला केळी द्यायचात, तिथे मी चेष्टेने म्हणालो, “टीचर, तुम्ही नसतं सांगितलं तर आम्हांला कधी कळलंच नसतं.” तुम्ही चुलीवरची किटली उतरवलीत आणि इतकेच म्हणालात, “मला कळलं होतं ना रे.” मी केळे खात राहिलो. त्यात काही शिकण्यासारखे आहे असेही मला वाटले नव्हते.

बुधवारी सकाळी मी बाजारात गेलो. का गेलो हे नीट सांगता येत नाही. बहुधा कुणीतरी ‘काकड नसलं तरी चालतं’ असे म्हणेल अशी आशा असावी. डोंगराकडून आलेली एक म्हातारी शेवळांच्या जुड्या घेऊन बसली होती. मी जुडी उचलली आणि म्हटले, “मावशी, काकड नको.” तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. “काकडाबिगर शेवलां कोन खातं, बाबा? बायकोवर रुसलाव काय?” शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. तिने मूठभर काकड जुडीत खोचलीच. “धर. घसा धरंल, मंग मना शिव्या देशील.” जिला परागीभवन हा शब्दही ठाऊक नाही ती अनोळखी गिऱ्हाइकाला हे सांगितल्याशिवाय सोडत नव्हती.

काल, गुरुवारी, मी मनवेलपाड्याला गेलो. तीन जिने चढलो. दार सासूने उघडले. सून कॉटवर बसून मेथी निवडत होती, आवाज अजून बसलेला. चहा येण्यापूर्वीच मी सांगून टाकले, नाहीतर चहाबरोबर माझे धैर्य गेले असते. म्हणालो, “रविवारी मी हिला काकड सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी खोटं बोललो.”

सासूने हातातला चहाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हंजी चार दिस मी हिला बोलतीया ते?”

“तिची चूक नव्हती.”

“ते कळलं ओ. पर मी बोललेलं आता माघारी कसं घिऊ, ते सांगा की. तुम्ही शिकल्यालं हायसा.” ती सुनेजवळ गेली, तिच्या पुढ्यातली मेथीची जुडी उचलून आपल्या मांडीत घेतली आणि स्वतः निवडू लागली.

सून मला म्हणाली, “सर, तुम्हांला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मला वाटलं माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. चार दिवस मी आठवतेय, सरांनी कधी सांगितलं, आपण कुठं उभे होतो. सगळं आठवत होतं, त्या माश्यासुद्धा. तेवढंच आठवत नव्हतं.” ती रडली नाही, रागावलीही नाही, टीचर, ती फक्त माहिती देत होती. मी तिचा घसाच नव्हे, तिचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासही सुजवून ठेवला होता, हे मला त्या क्षणी कळले आणि मी हादरलो.

गटावर लिहीन असे मी सांगितले आणि रात्री लिहिलेही, तीन वाक्यांत, क्रियाविशेषण न वापरता. निघताना तिने विचारले, “ह्या रविवारी आहे ना?” मी सासूकडे पाहिले. सासू मेथीकडे पाहत म्हणाली, “माझ्याकडं काय बघताय? तिला जायचं तर तिनं जावं.”

“येईन मी,” सून म्हणाली. “मला त्याशिवाय करमणार नाही. पण सर, आता तुम्ही सांगितलेलं मी बाजारातल्या मावश्यांना पण एकदा विचारत जाईन. चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणालो. “उत्तम.”

आयुष्यभर मी मुलांकडे हेच मागत आलो आहे. माझे ऐकू नका, पडताळून पाहा. हे वाक्य मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला म्हणतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते मनावर घेतले. तुम्ही असतात तर टाळी वाजवली असती. मला आनंद झाला नाही. जिना उतरताना मला राग आला होता, आणि तो स्वतःवर नव्हता, तिच्यावर होता. आज सकाळपर्यंत तो होता. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिता आले नसते. आणि तुम्ही हयात असतात, तर तुम्हांलाही लिहिले नसते.