औषधाला कोडगे झालेले

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

म्हणजे पुन्हा मीच दोषी! चार बुकं न शिकलेल्यानं गुरांच्या बाबतीत अक्कल पाजळू नये, असं दाजी म्हणाले आणि तू ते जसंच्या तसं लिहून पाठवलंस. वर, रागावू नकोस म्हणे. मी रागावलोच आहे.

मी एवढंच सांगितलं होतं, की दूध काढल्यावर गायीचे सड ज्या औषधात बुडवता त्यात पाणी घालू नका आणि कपात उरलेलं रोज ओतून टाका. तुझं उत्तर काय, तर आपल्या घरात उरलेलं टाकायची पद्धत नाही. अगं, भाजी आहे का ती? एका गायीची घाण कपात उतरते, मग तोच कप दुसरीला. त्यावर आज थोडं नवं, उद्या नुसतं पाणी.

मी कामाला आहे तिथला मुकादमही तुझ्यासारखाच काटकसरी. एवढ्या मोठ्या गोठ्यात कप कधी रिकामा झालाच नाही, वरून भर घालायची. मग एकेकीची कास दगडासारखी व्हायला लागली. औषध दाट केलं, फरक नाही. डॉक्टरबाईंनी दूध तपासायला नेलं आणि येऊन सांगितलं, की जंतूंना रोज अर्धामुर्धा मार दिला की ते मरत नाहीत, कोडगे होतात. मला लगेच समजलं. शाळेत मास्तरांनी माझंही तेच केलं होतं.

गेल्या आठवड्यात बऱ्या न होणाऱ्या नव्वद गायी गोठ्यातून काढून ट्रकात चढवल्या. त्याआधी त्यांच्या कासा रिकाम्या करायचं काम माझ्याकडे होतं. पिवळं पाणी आणि गुठळ्या, ताई. हाताचा वास अजून जात नाही.

आपल्या बोडकी गायीची कास दाबून बघ. घट्ट लागली तर तिचं दूध सगळ्यांच्या शेवटी काढ. दाजींना नमस्कार, पोचेल तेवढा.

तुझा,
धाकटा

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे, तरी पत्र दोनदा वाचलं. पण उशीर झाला होता. बोडकीचे मागचे दोन्ही सड घट्ट झाले होते. डॉक्टरांनी दूध तपासायला पाठवलं. आपलं औषध या जंतूंना लागतच नाही, असा निकाल आला. नवं लिहून दिलंय. जुना कप फेकला. फेकताना हात अडखळला माझा, हसू नकोस.

निकाल यायच्या आधीच यांनी बोडकी विकली. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत ना, त्यांच्याकडे एकच गाय, दुसरी हवी होती. यांनी सकाळीच कास शेकून, पिळून रिकामी केली आणि दाखवली. एवढी दुधाची गाय का देता, असं मावशींनी विचारलं. हे म्हणाले, चारा पुरत नाही. मी दारातच उभी होते. सगळं ऐकत होते. आलेले अठ्ठावीस हजार उधारीत गेले.

काल मावशी रस्त्यात भेटल्या. बोडकीचं दूध आटलंय, अजून रुळली नसेल म्हणाल्या. मी मान हलवली.

भांडत राहा, पण लिहीत राहा.

तुझी,
ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तू मान हलवलीस. त्यावर काय लिहू? मावशी दोन्ही गायींचं दूध त्याच हातांनी काढत असतील. आपण पोसलेले जंतू त्यांच्या गायीलाही लागले असतील, आणि त्यांनी कितीही नीट सड धुतले तरी जुन्या औषधानं काही होणार नाही.

दाजींशी मी भांडत नाही, ते तुझं काम. पण पत्र मिळाल्या दिवशीच मावशींकडे जा आणि सगळं सांग. शिव्या देतील, त्या खा. त्यांच्या गायीचं दूध तपासायला लाव, नवं औषध तुझ्यातलं दे. ती गायही बिघडली असली तर मला लपवू नकोस.

बोडकीला परत आण. आपल्या गायींत नको, मागच्या पत्र्याखाली एकटी बांध. ती आता बरी होईल असं मला वाटत नाही. तिचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, आणि ते तुलाच बघावं लागेल. दुसऱ्याच्या दावणीला मात्र नको.

यंदा माझं येणं होत नाही. तिकिटाचे ठेवलेले आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मिळून मावशींचे पुरे होतात. दाजींच्या हातात देऊ नकोस, तू स्वतः नेऊन दे.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

सोबत पाठवतोय, अठ्ठावीस हजार.