कोपर माझ्या अखत्यारीतला

१ सप्टेंबर, मंगळवार
चर्चच्या घंटाघराच्या चक्री जिन्यात उजवा कोपर दगडाला घासला. किरकोळ खरचटलं. नोंद केवळ प्रामाणिकपणासाठी.
एकोणीस तारखेला अखंड वाजवणी. सहा घंटा, सहा माणसं, पाच हजार चाळीस वेळा क्रम बदलायचा, तीन तास, कागद न बघता. मधे एकाचा जरी हात थांबला तरी सगळं शून्य. वाजवणी सुरू झाल्यावर बदली माणूस चालत नाही. आमच्या गावाला एकतीस वर्षांत हे जमलेलं नाही. आमच्या प्रमुख विनिफ्रेड पास्कबाई यांना दोर ओढायला लागून साठ वर्षं झाली, त्यांच्यासाठीच हा घाट; एक दोर त्यांच्याच हातात. सगळ्यांत जड घंटा माझ्याकडे.
जमलं तर सहा नावं लाकडी फळीवर रंगवून घंटाघरात कायमची लावतील. मला नावाचा मोह नाही. पूर्ण नाव घालतात की आद्याक्षर, एवढं विचारून ठेवायचं.

५ सप्टेंबर
कोपराच्या टोकाला फुगवटा. लाव्याच्या अंड्याएवढा. मोईरा म्हणते, डॉक्टरला दाखव. बायकोचं मन राखावं म्हणून औषधांच्या दुकानातून माहितीपत्रक आणलं. लाली, गरमपणा, ताप किंवा थंडी वाजणं, हात वाकवता न येणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, असं त्यात आहे.
‘काहीही’ हा शब्द फार सैल. मसुदा करणाऱ्याला नियम लिहायची सवय नसावी. मी निकष घट्ट केला: चारपैकी तीन. खाली तारीख घालून सही केली.

८ सप्टेंबर
सराव उत्तम. दोर वर जाताना दुखतं, खाली येताना दुखतं. मधे अजिबात नाही.

९ सप्टेंबर
ऑफिसच्या कामाने, म्हणजे सुरक्षा तपासणीला, नदीकाठच्या बागेत गेलो. मुलांच्या झोपाळ्याची कडी दोन मिलिमीटर झिजलेली. तिथल्या तिथे झोपाळा बंद, फीत बांधली, फॉर्म भरला. एक आई भांडायला आली. पोरं वर्षभर झोके घेतायत, काही झालं का, म्हणाली. मी शांतपणे सांगितलं, झिजलेली गोष्ट आधी कळवून तुटत नाही. यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

११ सप्टेंबर
रंग. मोईराच्या मते टोमॅटो. माझ्या मते गुलाबीकडे झुकणारा. लाल धरलेला नाही.
उष्णता. दोन्ही कोपर हाताने तपासले. उजवा जास्त गरम आहे खरा, पण कदाचित डावा नेहमीपेक्षा थंड असेल. अर्धा गुण.

१३ सप्टेंबर, रविवार
प्रार्थना संपल्यावर विनिफ्रेडबाईंनी बाजूला घेतलं. हात कसा आहे? ठणठणीत, म्हटलं. त्या म्हणाल्या, शेजारच्या गावच्या टेरेन्स पम्फ्रीला तयार ठेवते, त्यात कमीपणा काही नाही.
पम्फ्रीचं नाव अकरा फळ्यांवर आहे. दोर ओढताना हसतो. बारावी फळी त्याला माझ्या कोपरावरून चढून मिळणार नाही.
बाईंना स्पष्ट सांगितलं, गरज नाही. त्यांनी माझ्या उजव्या बाहीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तू म्हणतोस तर तसं.”

१५ सप्टेंबर
शेवटचा सराव. फुगवटा कोंबडीच्या अंड्याएवढा, मध्यम आकार. सैल स्वेटर घातला. मोईराने शुक्रवारी सकाळी दहाची डॉक्टरची वेळ घेतली होती, ती मी रद्द केली. एखाद्या खऱ्या आजारी माणसाची सोय होईल. मोईरा माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे, क्रम पाठ करायला बरं.

१८ सप्टेंबर
ताप ३८.१. थर्मामीटर जुना आहे. दाढी डाव्या हाताने केली. उजवा तोंडापर्यंत येत नाही. डावा हात वापरणं मेंदूला चांगलं असतं.
बेरीज: लाली शून्य, उष्णता अर्धा, ताप एक (थर्मामीटरच्या चौकशीच्या अधीन), वाकणं एक. एकूण अडीच. तीन नाहीत.
मी स्वतःशी खोटं बोलतोय का, हा प्रश्न आज प्रामाणिकपणे विचारला. उत्तर: नाही. उत्तर जरा लवकर आलं.

१९ सप्टेंबर, सकाळी ९
दोन गोळ्या घेतल्या. थंडी वाजतेय, पण इकडे सप्टेंबरात गारवा असतोच. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ. हॉस्पिटल. डाव्या हाताने.
दोन तास एकेचाळीस मिनिटं झाली होती. माझी घंटा एकदाही चुकली नव्हती. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे.
मग समोरून विनिफ्रेडबाई म्हणाल्या, “थांबा.” सहाही घंटा गप्प झाल्या. एकोणीस मिनिटं उरली होती.
मी म्हटलं, मी चुकलो नव्हतो.
“नव्हतास चुकला,” त्या म्हणाल्या. “पण तुझे दात वाजत होते, पोरा. ओठ पांढरे पडले होते. तू मरेपर्यंत दोर सोडणार नाहीस, हे दिसत होतं मला. म्हणून मी सोडला.”
पम्फ्री खाली दफनभूमीत घडीची खुर्ची टाकून ऐकत बसला होता. त्यानेच गाडीतून इथे आणलं. वाटेत एका शब्दाने टोचलं नाही. त्यापेक्षा टोचलं असतं तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर
शिरेतून औषध चालू. कोपराच्या टोकाशी पू झाला होता, विष रक्तात पसरायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंना चारपैकी तीनचा निकष समजावून सांगितला. कोणी ठरवला, त्यांनी विचारलं. समिती, म्हणालो. त्या म्हणाल्या, अकरा तारखेला आला असतात तर आठवडाभराच्या गोळ्यांत भागलं असतं. शनिवारी कदाचित दोर धरू शकला असतात.
दुपारी विनिफ्रेडबाई भेटायला आल्या. काठी घेऊन. मी म्हटलं, वसंतात पुन्हा करू, सगळे तयार आहेत, मी लिस्ट करतो.
“तुम्ही करा,” त्या म्हणाल्या. “मी खाली बसून ऐकेन. माझे गुडघे गेलेत, एड्रियन. जूनपासून डॉक्टरकडे खेपा घालून, सुया घेऊन, त्या एका शनिवारापुरते उभे केले होते.”
आणि माझी उशी नीट करून गेल्या.
नंतर नर्स आली, हात कसा आहे म्हणाली. ठणठणीत, असं तोंडाशी आलं होतं.
दुखतोय, म्हटलं.
तिने लिहून घेतलं आणि शेजारच्या कॉटकडे गेली.