मोगऱ्याला घातलेलं पाणी

प्रिय सुमैरा,

आता तूच सांग, मोगऱ्याचं नवं रोप झिशाननंच का आणून द्यावं? कुंडल गावात दुसरं कुणी रोपं विकत न्हाई? काल फोनवर एवढंच विचारलं, तर म्हणालीस, आवं, रोपाकडं बघा, आणणाऱ्याकडं कशाला बघताय. आणि ठेवलास फोन. म्हणून लिहितोय. कागद मधेच कट करता येत न्हाई.

तो तुझ्या मावशीचा मुलगा, ठाऊक हाय. माझ्याआधी तुझं त्याच्याशीच ठरत आलं होतं, तेही ठाऊक हाय. आपल्या बोअरला खारं पाणी लागलं तर त्यानं गोड पाण्याचं मशीन बसवलं, पैसे नंतर बघू म्हणाला. तवापासून दर शुक्रवारी मशीन बघायला येतो. मशीन एवढं आजारी असतंय व्हय?

तो बीएस्सी, मी सातवी. पण ईदला मी इथल्या कामावरनं आणलेलं बाटलीभर पाणी चाखून तो चारचौघांत हसला, म्हणाला, दाजींनी गुजरातचा समुद्र आणलाय. ते पाणी आधी कसं होतं, हे त्याला कुठं ठाऊक? रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी, काळंनिळं, वासानं जेवण जाईना असं. त्यात मीठ इतकं, की घाण खाणारे जंतूसुद्धा मरतात. म्हणून इथं उंच टाकीत काळे दाणे भरलेत. खालून ओझोन वायू सोडायचा. दाण्यांच्या संगतीनं तो पाण्यातल्या पाण्यात घाण जाळतो, जाळ दिसत न्हाई, धूर न्हाई. दाणे तसेच राहतात. वरनं पाणी येतं ते काचेसारखं. तो व्हॉल्व्ह माझ्या हातात असतो, सुमैरा. एवढं एकच काम मला लय चांगलं जमलंय, ते तुला दाखवायला बाटली आणली होती.

आणि लग्नात लावलेला आपला मोगरा वाळला, त्याच्या जागी झिशानचा आला. त्याला म्हणे कळ्या पण आल्या. मी इथं दाण्यांवर बसलेला मिठाचा थर धूत बसतो, आणि तुझ्या वेणीत कुणाची फुलं जाणार याचा विचार करतो. दाणे जळत न्हाईत, मीच जळतो.

रागात चार पानं लिहिली होती, ती फाडली. कारण सकाळी जीनतचा फोन आला. तुझी नणंद असून तुझ्याच बाजूनं भांडली. म्हणाली, भाईजान, तुम्ही गेल्यावर वहिनी त्या बाटलीतलं पाणी रोज थोडं थोडं मोगऱ्याला घालत होती, तुमच्या हातचं म्हणून. मला वाटलं होतं, फेकून दिलंस. अगं येडे, घाण जळते, मीठ जळत न्हाई. ते तसंच पाण्यात राहतं, त्यानंच आपला मोगरा वाळला. पण आता तुला काय बोलू? इथं खोली बघितलीय, नळाला गोडं पाणी हाय. मशीनचे पैसे झिशानला मोजून दे, उरलेल्यात तिकीट काढ आणि ये. त्याचं रोप तिथंच राहू दे. अकरा हजार पाठवतोय.

तुझाच,
मतीन